शाळेची खबर

मौजे निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे, हा पत्ता आज मोटारी बनविणाऱ्या बड्या कंपन्यांच्या कागदपत्रांवर छापलेला आढळतो. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने २००९ साली आणि महिंद्र कंपनीने त्याच्या पुढील वर्षी चाकण परिसरात जे कारखाने सुरू केले, त्यांच्या जमिनीशी या गावाचे नाव जोडले गेले. परंतु त्यापूर्वीचे निघोजे म्हणजे इंद्रायणीच्या उत्तर तीरावर, वरच्या अंगास देहू आणि खालच्या अंगास आळंदी अशा दोन क्षेत्रांच्या मधोमध वसलेले, बाजारासाठी चाकणकडे आणि सरकारी कामासाठी खेडच्या कचेरीकडे तोंड करून राहिलेले एक शेतकरी खेडे होते. अशा गावाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याच्या हाती लढाया आणि सनदा क्वचितच लागतात. शेजारच्या चाकणच्या भुईकोटाने १६६० मध्ये शायिस्ताखानास दीड-दोन महिने झुंजविले खरे, पण ते वैभव चाकणचे. सामान्य खेड्याच्या वाट्यास येतात ती दोनच दप्तरे, एक जमिनीचे आणि दुसरे शाळेचे. पहिल्याविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. दुसऱ्याकडे पाहताना एक साधा प्रश्न मनात येतो, तो असा की शाळेच्या चार भिंतींत दिवसभर जे चालले त्याची खबर शेतात राबणाऱ्या, बहुधा निरक्षर अशा आईबापांस कशी मिळत असे, आणि ती त्यांस दिली पाहिजे असे कोणास केव्हा वाटू लागले? हा प्रश्न एका गावापुरता सुटण्यासारखा नाही. त्यासाठी सगळ्या मुंबई इलाख्याच्या शाळाखात्याकडे दृष्टी टाकावी लागते.

पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२३ च्या डिसेंबरात शिक्षणविषयक आपले टिपण लिहिले, आणि त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून देशी शाळांची माहिती मागविण्यात आली. रा. वि. परुळेकर यांनी पुढे परिश्रमपूर्वक संकलित केलेल्या त्या माहितीतून जी पंतोजीची शाळा डोळ्यांपुढे उभी राहते, तिला स्वतःची इमारत नाही, छापील पुस्तक नाही आणि सरकारी वेतनाचा आधार नाही. देवळाची ओवरी, एखाद्या सावकाराच्या वाड्याची पडवी किंवा पिंपळाचा पार ही तिची जागा. धूळपाटीवर गिरविलेली अक्षरे, मोडी वाचन, आणि पाढ्यांपासून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकीपर्यंत चढत जाणारा हिशेब हा तिचा अभ्यासक्रम. आणि मुलाच्या बापाने रोख अथवा धान्यरूपाने दिलेली फी, सणावारी शिधा व दसऱ्यासारख्या दिवशीची दक्षिणा हे पंतोजीचे उत्पन्न. पालकांस खबर देण्याची कोणतीही तजवीज या शाळेत नव्हती, आणि तशी तजवीज करण्याची कोणास गरजही भासली नाही, कारण ही शाळा मुळातच मोठ्याने चालणारी होती. ओवरीत मुले घोकू लागली की देवळाच्या मागे पाणी भरणाऱ्या बायकांनाही कळे, कोणाचा पोर कुठे अडतो आहे ते.

त्याहून नेमकी खबर घरात मिळे ती दिवेलागणीस. देवापुढे सांजवात लागली की मुलांनी हातपाय धुऊन, मांडी घालून परवचा म्हणावयाचा, हा शिरस्ता ज्या घरांतून पाळला जाई त्या घरांतील आजीला अक्षर येत नसले तरी औटकीतला चुकलेला आकडा तिच्या कानास खटके, कारण तो परवचा तिने नवऱ्याच्या, मुलाच्या आणि आता नातवाच्या तोंडून ऐकलेला असे. मुलगा कालपेक्षा आज पुढे गेला की नाही, हे सांगणारा याहून खरा अहवाल पुढील दोनशे वर्षांत कोणत्याही खात्यास निर्माण करता आला नाही, असे माझे मत आहे. आणि या मताशी भांडणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की घरच्या माणसास दररोज, फुकट, आणि मास्तरांच्या अनुपस्थितीत तपासता येईल असे दुसरे कोणते प्रगतिपुस्तक त्यांनी पाहिले आहे? बापास प्रगती दिसेनाशी झाली तर तो पंतोजीचे धान्य आखडी, आणि पंतोजीस त्याचा अर्थ समजे. उलट मुलगा घरातूनच पळ काढू लागला तर पंतोजी चार दांडगी पोरे धाडून त्याची उचलबांगडी करवी, आणि हातापायांना धरून रडत-ओरडत नेला जाणारा तो गैरहजर विद्यार्थी आळीतून मिरवला गेला की त्या दिवसाची हजेरी सगळ्या गावात आपोआप जाहीर होई.

तथापि या चित्रावर लुब्ध होण्याचे कारण नाही. परवच्याचा तो स्वर ज्या घरांतून उठत असे ती घरे ब्राह्मणांची, प्रभूंची, वाण्या-सोनारांची, आणि फार तर एखाद्या सधन कुणबी पाटलाची. महारवाड्यात आणि मांगवाड्यात शाळेची खबर पोहोचत नव्हती, कारण तिथली मुलेच शाळेत पोहोचत नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली व त्यानंतर अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीही शाळा चालविल्या, तेव्हा त्यांच्यापुढे निराळीच अडचण होती. या शाळांत मुलींना बिघडवितात, अशी खबर गावात आधीच पसरलेली होती आणि ती खोटी होती. तिला उत्तर म्हणून त्यांनी जो मार्ग धरला तो परीक्षा उघड्यावर घेण्याचा. १८५३ च्या फेब्रुवारीत पुण्यास झालेली अशी परीक्षा पाहण्यास लोकांची मोठी गर्दी लोटली. मुली वाचतात, प्रश्नांना उत्तरे देतात, हे आईबापांनी व टवाळखोरांनी एकाच वेळी पाहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, याच शाळांत शिकलेल्या मुक्ताबाई साळवे या मांग जातीच्या लहान मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. शाळेत काय शिकवतात याची याहून मोठी जाहिरात कोणता मास्तर करू शकला असता?

परंतु सरकारी शाळाखात्याची रीत याच सुमारास अगदी दुसऱ्या वळणावर गेली. बाळशास्त्री जांभेकर आणि त्यांच्यामागून दादोबा पांडुरंग यांनी मराठी शाळांच्या तपासणीचे काम केले होते. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये शिक्षणाचे स्वतंत्र खाते उभे राहिले, इन्स्पेक्टर आणि डेप्युटी इन्स्पेक्टर यांची शिडी तयार झाली, आणि खेड्यातल्या शाळेत प्रथमच कागदाचा शिरकाव झाला. हजेरीपट, दाखलखारीजचे रजिस्टर, डेडस्टॉकचे बुक, आवकजावक, मासिक पत्रक, आणि या सर्वांच्या शिरावर ते शेरेबुक. वर्षाकाठी एकदा येणारा डेप्युटी, ज्यास खेडुतांनी ‘दिपोटी’ करून टाकले, तो मुलांची परीक्षा घेई, कोण वरच्या यत्तेत जावयाचा ते ठरवी, आणि जाताना शेरा लिही. दिपोटी येणार म्हटले की शाळेस सारवण-पोतेरे होई, भिंतीस चुना लागे, पाटलाच्या घरून खुर्ची येई, मुलांच्या डोक्यांवर धुतलेल्या टोप्या चढत. हा थाट पाहून गावकऱ्यांस एवढेच कळे की आज शाळेची परीक्षा आहे. परीक्षेत मास्तर पास झाले की मुले, हे मात्र शेरेबुक मिटल्यावर गुलदस्तात राही. शेरा वाचणारा वरचा साहेब. पत्रक मागणारी वरची कचेरी. ज्या मुलाची नोंद आहे त्याच्या बापाने ती वाचावी, अशी कल्पनाच त्या कागदाच्या रचनेत नव्हती.

यातला अन्याय असा की खर्चाचा वाटा मात्र त्याच बापाकडून घेतला जात होता. जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा असा लोकलफंडाचा कर १८६३ पासून बसू लागला, १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला, आणि त्यातील तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला गेला. म्हणजे निघोजे असो की शेजारचे कुरुळी असो, सारा भरणारा प्रत्येक कुणबी शाळेचा वर्गणीदार ठरला. पण ज्याची वर्गणी त्याला हिशेब नाही, हा त्या व्यवस्थेचा कायदा होता. या मुद्द्यावर नेमके बोट ठेवले ते जोतीरावांनी. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात, शेतकऱ्यांकडून वसूल होणारा पैसा त्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, अशी तक्रार तर त्यांनी केलीच. शिवाय डेप्युटीच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा काही उपयोग नाही, तपासणी निदान तीन महिन्यांनी एकदा व्हावी आणि मधून मधून आगाऊ वर्दी न देता व्हावी, असेही त्यांनी सुचविले. गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षणाची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नसताना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत तेथे चालणार नाही, हेही त्यांचेच म्हणणे. वर्दीशिवाय तपासणी करा, या सूचनेत चुना लावलेल्या भिंतीची त्यांना किती चांगली ओळख होती ते दिसून येते.

दप्तरातील एका नोंदीपुरता मात्र प्रवाह उलटा वाहत असे. शाळेत नाव घालताना बापाने मास्तरांना मुलाचे नाव, जात आणि जन्मतारीख सांगावयाची असे. नाव-जातीचा प्रश्न नव्हता. तारीख कोणास ठाऊक? ज्या वर्षी मोठा पूर आला त्याच्या आदल्या आखाडात, किंवा थोरल्याच्या पाठीवर तीन वर्षांनी, असे उत्तर मिळाल्यावर मास्तर समोर उभ्या असलेल्या पोराकडे पाहून, त्यास उजव्या हाताने डोक्यावरून डावा कान धरावयास लावून, वय ठरवीत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. महाराष्ट्रातील हजारो सरकारी नोकर एकाच दिवशी जन्मून एकाच दिवशी निवृत्त होतात, त्याचे मूळ या रजिस्टरात आहे. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट असली तरी रजिस्टराचे मोल त्यामुळे कमी होत नाही. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाची नोंद झाली, आणि ज्या समाजाच्या मुलांस वर्गात वेगळे बसविले जाई त्या समाजातील एका बापाने आपल्या मुलाचे नाव त्या पटावर चढविले, या घटनेच्या स्मरणार्थ महाराष्ट्र सरकार २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी सक्तीच्या शिक्षणाची भाषा सुरू झाली आणि पालक हा प्रथमच कायद्याच्या कलमात आला. आला तो आरोपी म्हणून. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये सबंध बडोदे राज्यात शिक्षण सक्तीचे केले. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक नामंजूर झाले. आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर करून मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. इंग्रजी मुलखात १९१८ चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा नगरपालिकांपुरता होता. १९२३ च्या कायद्याने लोकल बोर्डांकडे शाळा आल्या, आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांच्या हाती कारभार देऊन सक्ती गावोगाव नेण्याची वाट मोकळी केली. तेव्हापासून घरी जो पहिला लेखी कागद शाळेच्या नावाने आला तो मुलाच्या गुणांचा नव्हता. ती मूल गैरहजर असल्याबद्दलची नोटीस होती. गुरे कोण राखील, धाकट्याला कोण सांभाळील, भुईमुगाच्या काढणीला हात कोठून आणावे, या प्रश्नांना त्या नोटिशीत रकाना नव्हता. चार शहाण्या मास्तरांनी ती दप्तरातच ठेवली आणि स्वतः उठून वस्तीवर गेले, म्हणून पुष्कळ ठिकाणी पट टिकला.

घराकडे तोंड करून बोलणारी शाळा सरकारी खात्याबाहेर घडत होती. भावनगरच्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३० नंतर मराठीत ‘शिक्षण पत्रिका’ चालविली, आणि मूल कसे शिकते, त्याला मारू का नये, घरातल्या कामांत त्याला कसे घ्यावे, हे आईबापांस उद्देशून लिहिण्याची प्रथा त्या मासिकाने पाडली. ती वाचणारी आईबापे दादर-गिरगावची, पुण्याच्या सदाशिव पेठेतली, हे उघड आहे. आणि ही मर्यादा ताराबाईंच्या लक्षात आली नसती तर त्या १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्याच नसत्या. तेथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी जे केले त्यात एकही पत्रक नव्हते. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात भरवावी, मुले गुरांमागे जातात तर कुरणात भरवावी, हा त्यांचा प्रकार. अंगणात शाळा भरली की चुलीपाशी बसलेल्या आईस वेगळी खबर देण्याचे प्रयोजनच उरत नाही. ती दळताकांडताना ऐकते, मध्येच उठून येते, आणि पोर काय करते ते पाहून हसते किंवा रागावते. ओवरीतल्या शाळेला जे गुण आपोआप लाभले होते ते येथे विचारपूर्वक, आणि ज्यांना ओवरीत प्रवेश नव्हता त्यांच्या दारात, पुन्हा उत्पन्न केले गेले. अंगणवाडी हे नाव पुढे १९७५ च्या केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने देशभर नेले. त्यातले अंगण मात्र बहुतेक ठिकाणी मागे राहिले.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या झाल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कोणासही प्रगतिपुस्तकाचे सविस्तर वर्णन करून सांगावयास नको. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक. गुण, हजर दिवस, शेरा, आणि सगळ्यात खाली पालकाच्या सहीची जागा, जिथे अंगठा उठे, अथवा थोरल्या भावाची सही उठे, अथवा गुण बरे नसल्यास विद्यार्थ्याची स्वतःचीच कारागिरी उठे. ‘अभ्यासात लक्ष द्यावे’ हा शेरा मास्तरांनी वर्षानुवर्षे इतक्या मुलांना दिला आहे की त्यातून एकाही मुलाविषयी काही कळण्याची शक्यता उरलेली नाही. खरा निकाल १ मे रोजी झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात तोंडी जाहीर होई, आणि तो ऐकावयास पुष्कळ बाप कामधंदा सोडून येत. याखेरीज पंधरा ऑगस्टास आणि सव्वीस जानेवारीस निघणारी प्रभातफेरी, गॅदरिंगच्या रात्री गॅसबत्तीच्या उजेडात झालेले नाटक, दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेला आजचा पट, मुले इतकी, मुली इतक्या, हजर इतके. या सर्वांतून शाळा गावास जेवढी समजे तेवढी प्रगतिपुस्तकातून समजली नाही.

लोकांस सर्वांत स्वच्छ समजलेली नोंद मात्र धान्याची व पैशाची होती, हे सांगताना संकोच वाटू नये. दारिद्र्यरेषेखालील व मागासवर्गीय घरांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसामागे एक रुपया भत्ता देण्याची योजना १९९२ पासून सुरू झाली. १९९५ च्या नोव्हेंबरापासून शालेय पोषण आहार म्हणून महिन्यास तीन किलो तांदूळ मुलामागे घरी मिळू लागला आणि त्यासाठी ८० टक्के हजेरीची अट होती. मूल शाळेत गेले की ओढ्यावर गेले, हे ज्या आईस हजेरीपटातून कधी कळले नसते, तिला महिनाअखेर रिकाम्या परत आलेल्या पिशवीने कळे. आणि मास्तरांनी हजेरी मांडण्यात चूक केली तर तीच आई शाळेच्या पायरीवर येऊन जाब विचारी. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर तांदळाऐवजी शिजविलेले अन्न आले. मुलांच्या पोटाच्या दृष्टीने ते उत्तमच झाले. परंतु आईच्या हाती असलेले ते माप गेले.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि निदान कागदावर तरी दोन शतकांची दिशा उलटली. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असावी, तिचे ७५ टक्के सदस्य पालक असावे, निम्म्या स्त्रिया असाव्या, अध्यक्ष पालकांतून निवडावा आणि मुख्याध्यापकाने तिचा सचिव व्हावे, अशी ही रचना आहे. म्हणजे ज्याच्या पश्चात शेरा लिहिला जाई तो बाप आता खुर्चीवर आणि शेरा लिहून घेणारे गुरुजी टिपणवहीवर. त्याच वर्षीच्या ऑगस्टात शासनाने गुणांच्या जागी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी आणल्या. मुलाविषयी दोन शब्द लिहावे, हा हेतू थोरच. पण चाळीस मुलांच्या आठ विषयांच्या नोंदी लिहिता लिहिता शिक्षक जेरीस आले आणि नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या. आकारिक आणि संकलित ही मूल्यमापनाची नावे पालकसभेत उच्चारली गेली की समोरचा पालक नम्रपणे मान हलवितो आणि शेवटी विचारतो, “पण गुरुजी, पोराला वाचता येतं का?” परवचा ऐकणाऱ्या घराला हा प्रश्न विचारावा लागला नसता.

आता या सगळ्याच्या मधोमध निघोजे आणि त्याच्या आसपासची महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, मोई ही गावे उभी आहेत. जमिनी औद्योगिक विकास महामंडळाने संपादन केल्या, उरलेल्यांवर भाड्याच्या खोल्या उठल्या, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेल्या कामगारांनी त्या भरल्या. ज्या गावात मास्तरांना प्रत्येक मुलाचा आजा ठाऊक असे तेथे पटावरच्या निम्म्याशिम्म्या मुलांचे आडनावही गावास अपरिचित असावे, ही या पट्ट्यातील शाळांची आजची साधारण स्थिती आहे. बाप कंत्राटावर, आजच्या कंपनीत आहे तर सहा महिन्यांनी दुसऱ्या. खोली बदलली की शाळा बदलली. शासनाने स्थलांतरित मुलांसाठी काढलेले शिक्षण हमी कार्ड म्हणजे एका अर्थी जुन्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचेच धावते रूप, जे मुलाने बरोबर न्यावे आणि पुढच्या गावच्या गुरुजींना दाखवावे. घरी हिंदी किंवा भोजपुरी, शाळेत मराठी, आणि सूचनापत्रही मराठी. अशा घरी मराठी येणारा एकमेव माणूस म्हणजे दुसरीतले ते मूलच असते, आणि स्वतःच्या गैरहजेरीची सूचना आईबापांस भाषांतरित करून सांगण्याचे काम त्याच्याकडे येते. ते मूल हे काम किती प्रामाणिकपणे करीत असेल याचा अदमास प्रत्येकाने आपापले बालपण आठवून बांधावा.

२०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली, तेव्हा घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर अभ्यास येऊ लागला. कारखाने टाळेबंदीनंतर लवकर उघडले. घरातला एकुलता एक फोन बापाच्या खिशात बसून पहिल्या पाळीस किंवा रात्रपाळीस कंपनीत जाई, आणि सकाळी दहा वाजता आलेला अभ्यास मुलाच्या दृष्टीस रात्री पडे. गट मात्र महामारीनंतरही राहिले. आता आईबापांस शाळेची खबर मिळते ती अखंड मिळते. लसीकरण, गणवेशाचे माप, आधारकार्डाची प्रत, बँकेचे पासबुक, उद्याची सुट्टी, कालच्या परिपाठाचे छायाचित्र. यातील निम्मा मजकूर बारकाईने पाहिला तर खबर नसून मागणी आहे, वरच्या कचेरीने मुख्याध्यापकांकडे मागितलेली आणि त्यांनी खाली ढकललेली. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी काही शिक्षक मजकूर टाइप करण्याऐवजी स्वतःच्या आवाजात निरोप पाठवितात. २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे जे गट राज्यभर बांधले गेले त्यांतही लहान चित्रफिती आणि बोललेले निरोपच चालतात. मला या सर्व खटाटोपात तेवढाच भाग मनापासून पटतो. दरम्यान याच खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेस २०२५ मध्ये जगातील उत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला आणि तिची कीर्ती परदेशापर्यंत गेली. तालुक्यातल्या शाळेची खबर जगास पोहोचू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

पालकसभेचे मात्र अजून जुळत नाही. पिंपरी-चिंचवड आणि त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी पूर्वापार गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी. त्यामुळे ज्या दिवशी बाप मोकळा असतो त्या दिवशी तो पाळीची झोप काढतो व शाळा भरलेली असते, आणि ज्या दिवशी गुरुजींना सवड असते त्या दिवशी तो यंत्रापाशी उभा असतो. आयांचेही आता तेच, कारण त्यांतल्या पुष्कळ जणी सुट्या भागांच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर जातात. मग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सभा ठेवली जाते, ज्यांना येता येते ते आठ-दहा लोक येतात, उपस्थितीच्या वहीवर सह्या होतात, आणि तो कागद पूर्वीसारखाच वर जातो. समितीची बैठक महिन्यातून एकदा व्हावी एवढे नियमात लिहिलेले आहे. ती गुरुवारी संध्याकाळी, पाळी संपल्यावर, भाड्याच्या खोल्यांच्या अंगणात भरवू नये, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.